कार्ड उलटून बघा! व्हिक्टोरियन नाताळ कार्डं नव्याने जमवणाऱ्यांसाठी

माझं पहिलं ‘व्हिक्टोरियन’ ख्रिसमस कार्ड मी इंग्लंडमधल्या एका रविवारच्या बाजारात बारा पौंडांना घेतलं. बर्फातलं चर्च, पुढे फाटकावर बसलेला लालचुटूक छातीचा रॉबिन पक्षी, कडेने सोनेरी वेलबुट्टी. इतकं आवडलं की घासाघीसही केली नाही. मागच्या बाजूला मधोमध एक उभी रेघ होती. डावीकडे दोन ओळी मजकूर, उजवीकडे पत्ता आणि तिकीट. त्या रेघेचा अर्थ मला वर्षभराने कळला. ब्रिटनमध्ये पोस्टकार्डाची पाठ अशी मधोमध विभागायला टपाल खात्याने १९०२ मध्ये परवानगी दिली. राणी व्हिक्टोरिया २२ जानेवारी १९०१ रोजी वारली. म्हणजे माझं कार्ड तिच्या मुलाच्या, सातव्या एडवर्डच्या राजवटीतलं निघालं, आणि तेही पोस्टकार्ड.

विकणारा लबाड होता असं मला वाटत नाही. जुनं दिसलं की ‘व्हिक्टोरियन’ म्हणायचं, आपल्याकडे कुठलाही पडका वाडा ‘पेशवेकालीन’ असतो तसं. पण तेव्हापासून एक सवय लागली: कार्ड हातात आलं की आधी उलटायचं, चित्र मागाहून बघायचं. नव्याने या छंदात पडणाऱ्याला मी पहिल्यांदा हेच सांगते.

आधी महिनाभर फुकट बघा

खिशात हात घालण्याआधी डोळे तयार करा. लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आणि ब्रिटिश म्युझियम या दोघांच्याही संकेतस्थळांवर नाताळ कार्डांचे फोटो मोकळे ठेवलेले आहेत. ब्रिटिश म्युझियमकडे तर खुद्द क्वीन मेरीने, म्हणजे पंचम जॉर्जच्या राणीने, जमवलेले कार्डांचे अल्बम आहेत. मँचेस्टर मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटीत लॉरा सेडन यांचा संग्रह आहे. व्हिक्टोरियन आणि एडवर्डियन मिळून बत्तीस हजारांच्या आसपास कार्डं. पुण्यात किंवा नाशकात बसून यातलं पुष्कळ काही बघता येतं.

बघताना चित्राखालची नोंद सोडू नका. प्रकाशक कोण, साल काय, छपाई कशी, माप किती. मापाकडे नवखे हमखास दुर्लक्ष करतात. यातली बरीच कार्डं तळहाताएवढी किंवा त्याहून लहान असतात, आणि आधीच्या काळातली तर व्हिजिटिंग कार्डाची बहीण शोभावीत अशी, एकेरी, न दुमडलेली. दुमडून उघडायचं कार्ड ही आपली डोक्यातली कल्पना. या काळात ते नंतर नंतर रुळलं.

तीन सालं पाठ करा

पहिलं १८४०. त्या वर्षी ब्रिटनमध्ये पेनी पोस्ट सुरू झालं: अंतर कितीही असो, एका पेनीत साधं पत्र. त्याआधी बहुतेक वेळा पत्र ज्याला येई त्यानेच पैसे भरायचे असत. शुभेच्छा पाठवून समोरच्याच्या खिशाला चाट लावणं काही बरं दिसलं नसतं.

दुसरं १८४३. पेनी पोस्टच्या कामात ज्याचा हात होता तो हेन्री कोल, हाच पुढे व्हिक्टोरिया अँड अल्बर्टचं मूळ असलेल्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमचा पहिला संचालक झाला. त्या नाताळात सगळ्यांना वेगवेगळी पत्रं लिहायला त्याला सवड नव्हती. त्याने चित्रकार मित्र जॉन कॅलकॉट हॉर्सली याच्याकडून एक चित्र काढून घेतलं. मध्ये तीन पिढ्यांचं कुटुंब टेबलाभोवती बसून पेले उंचावतंय, थेट आपल्याकडे बघत. एका बाजूला भुकेल्यांना जेवण, दुसऱ्या बाजूला उघड्यांना कपडे. वर कोणाला, खाली कोणाकडून, एवढं लिहायला जागा सोडलेली. दगडावरून छापून वर हाताने रंग भरले. हजारेक प्रती निघाल्या. कोलला हव्या तेवढ्या त्याने ठेवल्या आणि उरलेल्या एक शिलिंगला एक अशा विकायला ठेवल्या.

शिलिंग म्हणजे किती, ते त्याच महिन्यात आलेल्या डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’वरून मोजा. त्यातल्या बॉब क्रॅचिट या कारकुनाला आठवड्याला पंधरा शिलिंग पगार आहे आणि घरात पोरांचं लेंढार. तो काही हे कार्ड घेणार नव्हता. त्यात चित्रातल्या एका लहानग्या मुलीच्या ओठाला वाइनचा पेला लावलेला दिसतो, त्यावरून दारूबंदीवाले खवळले ते वेगळंच. या कार्डाच्या मोजक्याच प्रती आज शिल्लक आहेत. त्यातली कोलने स्वतः आजीला पाठवलेली एक प्रत २००१ मध्ये विल्टशरमधल्या लिलावात वीस हजार पौंडांच्या वर गेली. तेव्हा ‘जगातलं पहिलं ख्रिसमस कार्ड’ कोणी तुम्हाला शंभर पौंडांत देऊ लागला तर ती प्रतिकृती आहे. प्रतिकृती ढिगाने निघाल्या आहेत. प्रतिकृती म्हणून घ्यायला हरकत नाही, मी घेतली आहे.

तिसरं साल १८७०, आणि संग्राहकाच्या दृष्टीने हेच सगळ्यांत मोठं. त्या ऑक्टोबरात छापील मजकुरासाठी अर्ध्या पेनीचा दर आला. पाकीट न चिकटवता टाकलं की कार्ड अर्ध्या पेनीत जाऊ लागलं. तिकडे रंगीत छपाईही स्वस्त होत चालली होती. दोन्ही जुळून आलं आणि कार्डांचा पूर आला. तुम्हाला आज परवडतील, सापडतील आणि हातात धरून बघावीशी वाटतील अशी बहुतेक कार्डं १८७० ते १८९० या वीस वर्षांतली असतात. सुरुवात इथेच करा.

आता कार्डाची पाठ

कार्डाच्याच अंगावर तिकीट आणि पत्ता असेल तर ते पोस्टकार्ड. ब्रिटनमध्ये खासगी छपाईची, तिकीट चिकटवून पाठवायची पोस्टकार्डं सप्टेंबर १८९४ पासून चालू झाली. तेव्हा व्हिक्टोरियन पोस्टकार्ड असूच शकत नाही असं नाही, पण बाजारातली बहुसंख्य पुढचीच. पाठीवर उभी रेघ दिसली तर वाद संपला. खरी नाताळ कार्डं पाकिटातून जायची. पाकीट फेकलं गेलं, कार्ड राहिलं, म्हणून त्यांच्यावर पोस्टाचा शिक्का नसतो. शिक्का नाही म्हणून नाराज होऊ नका.

‘प्रिंटेड इन जर्मनी’, ‘बव्हेरिया’, ‘सॅक्सनी’ असे शब्द बारीक टायपात शोधा. परदेशी मालावर मूळ देश दाखवायला लावणारा कायदा ब्रिटनमध्ये १८८७ मध्ये झाला. त्यामुळे असा शिक्का दिसला की साधारण त्यानंतरचं समजायचं. गंमत अशी की पक्का इंग्लिश वाटणारा नाताळ, ती आयव्हीची वेल, ती शेकोटी, यातलं पुष्कळसं जर्मन छापखान्यांतून छापून आलेलं आहे. काही प्रकाशक तर कार्डावरच लिहीत: चित्र इंग्लंडात काढलं, छपाई जर्मनीत.

राफाएल टक अँड सन्स या लंडनच्या कंपनीचं कार्ड असेल तर तारीख लावायला आणखी एक दोरा मिळतो. या कंपनीला राजघराण्याचा परवाना १८९३ मध्ये मिळाला. ‘हर मॅजेस्टी द क्वीन’ यांचे प्रकाशक असा उल्लेख असेल तर कार्ड १८९३ ते १९०१ मधलं. ‘देअर मॅजेस्टीज’, म्हणजे राजा आणि राणी, असं असेल तर व्हिक्टोरिया गेल्यानंतरचं. ईझल (चित्र टेकवायची तिवई) आणि रंगाची पॅलेट हे टकचं बोधचिन्ह. ते कोपऱ्यात शोधायची सवय लावा.

शेवटी हस्ताक्षर. पेन्सिलीने लिहिलेलं साल हा सगळ्यांत गोड पुरावा, पण तोही डोळे मिटून घेऊ नये. विल्यम एग्ली या चित्रकाराने केलेल्या एका कार्डावरच्या सालाचा शेवटचा आकडा २ आहे की ८, यावर बराच काळ वाद चालला. १८४२ वाचलं तर ते कोलच्या आधीचं, १८४८ वाचलं तर नंतरचं. आज ते १८४८ मानतात. एका आकड्याच्या शेपटीवर ‘जगातलं पहिलं’ हा मान लटकत होता!

भिंगाखाली

दहापट मोठं दाखवणारं, सोनाराकडे असतं तसं भिंग घ्या. स्टँपवाल्यांकडे आणि ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत कामचलाऊ मिळतं. आता शेजारी तीन गोष्टी ठेवा: आजचं मासिक, तुमचं जुनं कार्ड, आणि घरात असेल तर एखादं जुनं रविवर्म्याच्या छापखान्यातलं लक्ष्मी-सरस्वतीचं चित्र.

मासिकावर ठिपके एका शिस्तीत दिसतील, चार रंगांची लहान लहान फुलं मांडल्यासारखे. जुन्या कार्डावर तशी शिस्त नसते. ठिपके लहानमोठे, दाटविरळ, माणसाने हाताने टोचल्यासारखे, कारण ते खरंच तसे टोचलेले असतात. ही रंगीत शिळाछपाई. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, त्यावर स्निग्ध शाईने त्या रंगापुरतं चित्र. मग कागद एका दगडावरून दुसऱ्यावर, रंग सुकू देत देत. डझनभर दगड लागणं ही नेहमीची गोष्ट होती. एखादा दगड केसभर सरकला की गालाची लाली गालाबाहेर येते. अशी चूक दिसली की मला फार आनंद होतो. रविवर्म्याचा छापखाना मुंबईत १८९४ मध्ये सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तिथेही हीच पद्धत आणि जर्मन तंत्रज्ञ. म्हणून देवघरातली लक्ष्मी आणि इंग्लंडमधला रॉबिन भिंगाखाली सख्खे भाऊबहीण दिसतात.

प्रतिकृतीत काय होतं? मूळ कार्डाचा फोटो काढून ते आजच्या पद्धतीने छापतात. म्हणजे हाताने टोचलेल्या ठिपक्यांवर यंत्राचे शिस्तीतले ठिपके. एकदा दिसलं की पुन्हा फसत नाही. जोडीला नोटा तपासायचा जांभळा टॉर्च ठेवा. आजच्या पांढऱ्याशुभ्र कागदात चकाकी आणणारी रसायनं असतात, त्यामुळे तो टॉर्चखाली निळसर उजळतो. एकोणिसाव्या शतकातला कागद मंदच राहतो.

चित्र काय म्हणतं

नवखे इथे गोंधळतात. नाताळ म्हटलं की आपल्याला गोठ्यातलं बाळ, मेंढपाळ, तारा अपेक्षित असतो. व्हिक्टोरियन कार्डांत धार्मिक चित्रं त्या मानाने थोडी. फुलं भरपूर, तीही वसंतातली. गोबऱ्या गालांची मुलं, मांजरं, कुत्री, डुकरं. सांताक्लॉजला आपल्या ओळखीचा लाल झगाच असेल असंही नाही. हिरवा, तपकिरी, निळा, सगळे चालत.

रॉबिन मात्र सगळीकडे. त्या काळचे पोस्टमन लाल कोट घालत, म्हणून लोक त्यांना रॉबिन म्हणायचे. चोचीत पाकीट धरलेला रॉबिन हा त्यावरचा चित्रविनोद.

आणि मग विचित्र कार्डं. मेलेला रॉबिन पाठीवर पडलाय, पाय वर, आणि खाली लिहिलंय: तुमचा नाताळ आनंदात जावो. एका कार्डावर एका बेडकाने दुसऱ्याला खंजीर खुपसलाय आणि तो पैशाची थैली घेऊन पळतोय. झिंग्यावर स्वार झालेला उंदीर, चहाच्या किटलीत कोंबलेलं रडकं पोर. आज ही फार लोकप्रिय आहेत, म्हणून महाग आहेत, आणि म्हणूनच त्यांच्या नकलाही फिरतात. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी यांच्या मागे लागू नका. त्याच पैशात दहा साधी फुलांची कार्डं येतील आणि दहा पाठी वाचायला मिळतील.

ओळखीची चार घराणी

चार्ल्स गुडॉल ही लंडनची कंपनी मुळात पत्ते छापणारी. १८६२ पासून नाताळ कार्डांत उतरली. डी ला रू हेही पत्तेवाले आणि तिकिटं छापणारे. तिकिटं जमवणाऱ्यांना हे नाव नवं नाही: व्हिक्टोरियाच्या तोंडवळ्याची हिंदुस्थानची तिकिटं यांनीच लंडनला छापली, आणि १९२० च्या दशकात ते काम नाशिकच्या प्रेसकडे आलं. मार्कस वॉर्ड मूळ बेलफास्टचे. चित्रकार केट ग्रीनअवे हिने तरुणपणी यांच्यासाठी काम केलं. तिचं एक व्हॅलेंटाइन कार्ड काही आठवड्यांत पंचवीस हजार खपलं आणि तिच्या हातात पडले तीन पौंड. कोपऱ्यात ‘के.जी.’ दिसलं तर थांबा, पण तिच्या शैलीच्या नकला करणारे पुष्कळ होते हेही लक्षात असू द्या. चौथे टक, त्यांनी १८८० मध्ये पाचशे पौंडांच्या बक्षिसांची कार्डचित्र स्पर्धा घेतली आणि लंडनच्या डडली गॅलरीत प्रदर्शन मांडलं.

पुष्कळ कार्डांवर नावच नसतं. त्यात कमीपणा काही नाही.

विकत घेताना

साधं, किंचित डागाळलेलं, १८८० च्या आसपासचं कार्ड आजही तीन-चार पौंडांत मिळतं. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी कागदी वस्तूंचे मेळावे आणि गावोगावचे रविवारचे बाजार धुंडाळावेत. इकडून ऑनलाइन घेणाऱ्यांनी विक्रेत्याला तीन फोटो मागावेत: पुढून, मागून, आणि तिरक्या उजेडात. तिरक्या उजेडात उठाव, घडी, खरवड सगळं दिसतं. पाठीचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून मी घेत नाही. टपालखर्च आणि कस्टम यांची चौकशी आधी करा. तीन पौंडांच्या कार्डाला पंधरा पौंडांची वाटखर्ची होऊ शकते, म्हणून दोघा-तिघांनी मिळून मागवणं बरं.

पाठीवर जाड कागदाचे तुकडे चिकटलेले दिसले तर घाबरू नका. त्या काळी घरोघरी अशी कार्डं अल्बममध्ये चिकटवायचा नाद होता, नंतर कोणीतरी ती उपटली. मात्र ते तुकडे पाण्याने सोडवायला जाऊ नका. स्टँप पाण्यात सोडायची सवय असलेल्यांचा हात इथे शिवशिवतो. बर्फासाठी पुढच्या बाजूला काचेची पूड लावलेली असते, कधी रेशीम असतं. सगळं सुटून येतं.

घरी आणल्यावर

माझी दुसरी चूक पुण्यातल्या पावसाळ्यात झाली. कार्डं मी फोटोंच्या साध्या, चिकट पानांच्या अल्बममध्ये लावली. सप्टेंबरात उघडला तर दोन कार्डांची सोनेरी कड प्लास्टिकला चिकटून बसली होती, आणि एकाच्या पाठीवर कसरीने नकाशा काढला होता.

आता प्रत्येक कार्ड वेगळ्या पॉलिएस्टरच्या पाकिटात, मागे आम्लरहित जाड कागद, आणि सगळी पाकिटं उभी एका पुठ्ठ्याच्या खोक्यात. पीव्हीसीची पाकिटं, सेलोटेप, लॅमिनेशन, तिन्ही वर्ज्य. खोकं बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, तिथे ओल धरते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की बदला. कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांनी श्रावणात एकदा, दसऱ्याला एकदा खोकं उघडून बघावं. फ्रेम करायची हौस असेल तर कार्डाची चांगली रंगीत झेरॉक्स फ्रेम करा, उन्हाने गुलाबी रंग सगळ्यांत आधी पळतो.

रेशमी झालर लावलेली कार्डं १८८० च्या दशकात फार चालली. दोन कार्डं पाठीला पाठ लावून मध्ये झालर शिवल्यासारखी घट्ट बसवायची, वर गोंड्याची दोरी. तसं एक माझ्याकडे आहे. पुढे प्रिमरोझची फिकट पिवळी फुलं आणि एक घरटं, त्यात चार अंडी. डिसेंबरात पाठवायचं कार्ड आणि घरट्यात अंडी! झालर मूळची बहुधा हिरवी, आता वाळलेल्या कढीपत्त्याच्या रंगाची. नखाने दाबून बघायचा मोह आवरायचा, कारण जुनं रेशीम पिठासारखं तुटतं. धूळ मी फक्त मऊ रंगाच्या ब्रशने झटकते, झालरीच्या दिशेने, कधी उलटी नाही.

आणि एक वही करा. कार्डावर काहीही लिहायचं नाही, पेन्सिलीनेही नाही. क्रमांक पाकिटावर टाकायचा. लंडनच्या जोनाथन किंग नावाच्या स्टेशनरीवाल्याकडे १८९४ पर्यंत एक लाख त्रेसष्ट हजार प्रकारची कार्डं जमली होती. आपलं सतरावर भागतं, पण वही तितकीच लागते. नोंद अशी, झालरवाल्या कार्डाची:

क्र. ९. एकेरी दोन कार्डं जोडून, ११ × ७.५ सें.मी., रंगीत शिळाछपाई, रेशमी झालर, दोरी तुटलेली. प्रकाशक नाही. पाठीवर चार ओळींची छापील कविता, खाली पेन्सिलीने: ‘एम.कडून. १८८४. बरी हो लवकर.’ शेवटचा आकडा भिंगाखाली तीनदा पाहिला, ४ च आहे. एम. कोण ते माहीत नाही.